सॉर्टिंग मशीनवरचे मॅग्नेटिक क्विक-चेंज अटॅचमेंट: बसवायचे कसे, बदलायचे कसे

बोल्टच्या जागी मॅग्नेट आले की चेंजओव्हर, म्हणजे एका पार्टवरून दुसऱ्या पार्टसाठी मशीन बदलणे, काही मिनिटांत होऊ लागतो. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. सेटिंग हलते, चांगले पार्ट रिजेक्टमध्ये जातात, एखाद्या दिवशी अटॅचमेंटच निसटून बाउलमध्ये पडते. मग कुणीतरी आणखी ताकदीचे मॅग्नेट मागवतो. दुखणे तसेच राहते, वर अटॅचमेंट काढताना बोटे चेमटू लागतात आणि स्टीलचे पार्ट ट्रॅकवर चिकटून बसतात.

यामागे बहुतेक वेळा एकच चूक असते. मॅग्नेटकडून दोन कामे करून घेतली जातात: अटॅचमेंट धरून ठेवणे आणि ते नेमक्या जागी ठेवणे. मॅग्नेटला फक्त धरता येते. जागा पिनने आणि टेकूने ठरवावी लागते. हा फरक डिझाइन करणाऱ्यापासून शिफ्टवरच्या ऑपरेटरपर्यंत सगळ्यांना कळला, तर खालचे टप्पे सोपे जातात.

हा लेख व्हायब्रेटरी बाउल फीडर (कंपनाने पार्ट ट्रॅकवरून वर चढवणारा वाडगा) यावरचे वायपर (नको ते पार्ट ट्रॅकवरून बाजूला सारणारी पट्टी), सिलेक्टर (योग्य पार्टच पुढे सोडणारा भाग) आणि ट्रॅकचे तुकडे, लिनियर फीडरच्या (पार्ट सरळ रेषेत नेणाऱ्या फीडरच्या) रेल, कॅमेऱ्याखालचे नेस्ट (पार्ट बसवण्याची खाच) अशा बदलत्या भागांसाठी आहे. रोबोटच्या हातातले मॅग्नेटिक ग्रिपर किंवा डोक्यावर लटकणारा भार हा वेगळा विषय आहे, तिथे इथले आकडे लावू नका.

## टप्पा १: मॅग्नेट इथे चालेल का, हे आधी ठरवा

पहिला प्रश्न बाउलच्या धातूचा. बरेच बाउल ३०४ स्टेनलेसचे असतात, आणि ३०४ किंवा ३१६ला मॅग्नेट धरत नाही. इथे एक फसवणूक होते. वाकवलेल्या किंवा ठोकलेल्या जागी ३०४ थोडे चुंबकीय होते, त्यामुळे हातातला छोटा मॅग्नेट कडेला हलकेच चिकटतो आणि माणूस समजतो की काम होईल. होत नाही. अशा बाउलवर माइल्ड स्टीलची किंवा ४३० स्टेनलेसची बेस प्लेट बोल्टने कायमची बसवा आणि मॅग्नेट त्या प्लेटला धरू द्या.

दुसरा प्रश्न सॉर्ट होणाऱ्या पार्टचा. पितळ, ॲल्युमिनियम, प्लास्टिक असेल तर काळजी कमी. कडक केलेल्या स्टीलच्या पिना, रोलर, सुया असतील तर जपून, कारण कडक स्टील एकदा चुंबकीय झाले की चुंबकत्व धरून ठेवते. असे पार्ट एकमेकांना चिकटतात, जोडीने ट्रॅकवर चढतात आणि पुढच्या असेंब्लीत बारीक कीस ओढून घेतात. मऊ स्टीलमध्ये हे बरेच कमी होते.

तपासा: निवडलेल्या जागी मॅग्नेट तात्पुरते लावून एक तास खरे पार्ट चालवा. बाहेर आलेल्या पार्टपैकी काही बारीक लोखंडी किसात बुडवून उचला. कीस चिकटून आला तर मॅग्नेट ट्रॅकपासून दूर न्यायला हवेत किंवा त्यांची जात बदलायला हवी.

मॅग्नेट शक्यतो स्टीलच्या वाटीत बसवलेले, म्हणजे पॉट मॅग्नेट घ्या. वाटीमुळे चुंबकीय रेषा समोरच्या प्लेटमध्येच वळतात, आजूबाजूला कमी पसरतात. उघडी चकती स्वस्त पडते, पण तिचे क्षेत्र चारी बाजूंना सांडते. पार्ट स्टीलचे असतील तर उघडी चकती वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

## टप्पा २: ताकदीचा हिशेब कागदावर करा

कॅटलॉगमधला ओढीचा आकडा आदर्श परिस्थितीतला असतो. जाड, ग्राइंड केलेली माइल्ड स्टीलची प्लेट, मध्ये शून्य फट आणि अगदी सरळ ओढ. मशीनवर यातले क्वचितच काही असते. प्लेट १-२ मिमीची असेल तर ती लवकर संपृक्त होते, म्हणजे आणखी चुंबकीय रेषा सामावू शकत नाही, आणि ताकद घटते. रंगाचा थर, गंज, तेलात बसलेली धूळ ही सगळी फटच असते. आडवी ओढ तर फक्त घर्षणावर टिकते. निकेल चढवलेला मॅग्नेट गुळगुळीत स्टीलवर असेल तर सरळ ओढीच्या साधारण पाचव्या भागातच तो सरकायला लागतो.

आता कंपनाचे बघू. ५० हर्ट्झच्या विजेवर थेट चालणारी कॉइल प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला ओढते, म्हणून बाउल सेकंदाला १०० वेळा हलतो. हाफ-वेव्ह जोडणीत ५० वेळा. समजा, १०० हर्ट्झला बाउलची एकूण हालचाल ०.५ मिमी आहे, म्हणजे मध्यापासून ०.२५ मिमी. यातून त्वरण सुमारे ९९ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ दहापट. ४०० ग्रॅमच्या अटॅचमेंटवर दर हेलकाव्याला साधारण ४० न्यूटन जोर येतो. सुरक्षेसाठी तिप्पट धरा: १२० न्यूटन.

इथेच थांबलात तर चुकाल. अटॅचमेंट सरळ उचकटत नाही, कडेवर कलून सुटते. वजनाचा मध्य टेकूच्या कडेपासून ६० मिमी बाहेर असेल, तर तो ४० न्यूटनचा जोर २४०० न्यूटन-मिमी इतका पीळ देतो. मॅग्नेट त्या कडेपासून फक्त २० मिमीवर असेल तर त्याला १२० न्यूटन धरावे लागतात, आणि तिप्पट सुरक्षा धरली की ३६०. तोच मॅग्नेट ४० मिमीवर नेला की सगळे निम्म्यावर येते. नवा मॅग्नेट मागवण्यापूर्वी जुना किती अंतरावर आहे ते मोजा, हे मी प्रत्येक सेटरला सांगतो.

बाउलची खरी हालचाल अंदाजाने धरू नका. बाउलच्या बाहेरच्या भिंतीवर ॲम्प्लिट्यूडचा (हालचालीचे माप दाखवणारा) स्टिकर लावा आणि चालू असताना वाचा.

तापमानही याच कागदावर लिहा. साधे निओडिमियम मॅग्नेट, म्हणजे एन ३५, एन ४२, एन ५२ यांसारखे, ८०° से.पर्यंतच वापरायचे असतात. नावापुढे एच असेल तर १२०, एसएच असेल तर १५०. वॉशिंगमधून गरम निघालेले किंवा हीट ट्रीटमेंटनंतर लगेच येणारे पार्ट असतील तर हा आकडा पाळावाच लागतो. मर्यादा ओलांडल्यावर गेलेली ताकद थंड झाल्यावर पूर्ण परत येत नाही.

## टप्पा ३: जागा पिनने आणि टेकूने पक्की करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

अटॅचमेंटच्या तळाला तीन टेकू ठेवा. तीनच. चार टेकूंवर ते डुगडुगते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या तिघांवर बसते. टेकू शक्य तितके दूर दूर ठेवा.

आडव्या जागेसाठी दोन डॉवेल पिन (जागा पक्की करणाऱ्या पिना) लागतात: एक गोल, एक डायमंड, म्हणजे दोन बाजूंनी तासलेली. गोल पिन आणि तिचे भोक यांची बैठक एच७/जी६ (किंचित सैल फिटचे प्रमाण माप) ठेवली तर हाताने सरकते आणि डुलत नाही. डायमंड पिनचे काम फक्त फिरणे थांबवणे. तिची तासलेली, अरुंद बाजू दोन्ही पिनांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने हवी, म्हणजे दोन भोकांच्या अंतरातला किरकोळ फरक ती सामावून घेते. ही पिन ९० अंशांनी फिरवून ठोकलेली मी अनेकदा पाहिली आहे. तसे झाले की अटॅचमेंट एकतर अडकते किंवा फिरण्याच्या दिशेला ढिले राहते, आणि दोष मॅग्नेटवर जातो.

मॅग्नेटचा चेहरा टेकूंच्या पातळीपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी आत ठेवा. त्याने समोरच्या प्लेटला टेकता कामा नये. टेकला तर तो चौथा टेकू होतो. शिवाय निओडिमियम ठिसूळ असते, कंपनात कडा तुटतात आणि निकेलचा थर उडाला की गंज आत शिरतो. एवढ्याशा फटीमुळे ताकद थोडी कमी होते, तेवढी टप्पा २च्या हिशेबात आधीच धरा.

पिनची लांबीही विचाराने ठरवा. मॅग्नेट जोराने ओढायला लागण्यापूर्वी पिन भोकात शिरलेली असली पाहिजे. बाहेर ८ ते १० मिमी निघणारी आणि टोकाला गोलाई दिलेली पिन बहुतेक ठिकाणी पुरते. पिन आखूड असली की अटॅचमेंट हातातून हिसकले जाते, तिरके आपटते आणि भोकाची कड खराब होते.

गोल आणि डायमंड पिनचे व्यास वेगळे ठेवा, म्हणजे अटॅचमेंट उलटे बसूच शकणार नाही. एकाच बेसवर तीन-चार प्रकार येत असतील तर प्रत्येकाला एका जादा पिनची जागा वेगळी द्या. चुकीचा प्रकार मग घाईतही बसत नाही. रंगाचा ठिपका असावा, पण भरवसा पिनवर ठेवा.

कॅमेऱ्याखालच्या नेस्टला याहून बारीक अचूकता लागते. तिथे तीन गोळ्या आणि तीन व्ही खाचा वापरा. सहा ठिकाणी स्पर्श होतो आणि नेस्ट प्रत्येक वेळी तिथेच येऊन बसते. फक्त खाचा स्वच्छ राहायला हव्यात.

काढण्याची सोय विसरू नका. मॅग्नेट सरळ ओढून सोडवणे अवघड असते, आणि मग स्क्रूड्रायव्हर घुसतो. एका कडेला कॅम लिव्हर किंवा जॅक स्क्रू द्या. तो फिरवला की एक बाजू १-२ मिमी उचलली जाते आणि पुढचे काम हाताने होते.

## टप्पा ४: मॅग्नेट बसवताना

सगळे वेल्डिंग, टॅकिंग, पावडर कोटिंग मॅग्नेट लावण्यापूर्वी उरकून घ्या. लावल्यानंतर गॅसची ज्योतही जवळ नको.

मॅग्नेट फक्त गोंदावर ठेवू नका. सतत कंपनात गोंद थकतो. भोक असलेला किंवा मागे स्टड असलेला पॉट मॅग्नेट घ्या, स्क्रूने आवळा आणि थ्रेड लॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) लावा. दोनापेक्षा जास्त मॅग्नेट असतील तर शेजारच्यांचे ध्रुव उलटसुलट ठेवा, म्हणजे दूर पसरणारे क्षेत्र कमी होते. ध्रुव मार्करने आधी लिहून ठेवा, बसवताना ओळखू येत नाहीत.

समोरच्या बाजूलाही मॅग्नेट लावण्याचा मोह टाळा. मॅग्नेट आणि साधी स्टील प्लेट ही जोडी सुटसुटीत असते. दोन्हीकडे मॅग्नेट असले की थोड्या तिरकेपणातही अटॅचमेंट बाजूला ढकलले जाते आणि चुकून ध्रुव फिरले तर बसतच नाही.

सावधान: मॅग्नेट तासू नका, ड्रिल करू नका. तो फुटतो, आणि निओडिमियमची बारीक पूड पेट घेऊ शकते. दोन मोठे मॅग्नेट एकमेकांवर आपटले तर तुकडे उडतात, म्हणून चष्मा घाला. पेसमेकर किंवा तसे उपकरण शरीरात असलेल्या व्यक्तीला हे काम देऊ नका, आणि सुट्या अटॅचमेंटच्या कपाटावर तशी सूचना लावा.

## टप्पा ५: वजन जुळवा, मग बाउल ट्यून करा

हा टप्पा सर्वात जास्त वगळला जातो. बाउल त्याच्या पानी स्प्रिंगांवर ट्यून केलेला असतो. त्यावर वजन वाढले की त्याची नैसर्गिक वारंवारता खाली येते. तीनशे ग्रॅमचे अटॅचमेंट काढून सहाशेचे लावले तर कंट्रोलरवरचा आकडा तोच राहूनही पार्ट मंद चालतात किंवा नको तितके उडू लागतात. ऑपरेटर नॉब फिरवतो, कंपन वाढते, मॅग्नेटवरचा जोर वाढतो आणि शेवटी अटॅचमेंट सुटते. मूळ कारण वजनात होते.

एका बाउलची सगळी अटॅचमेंट वजनाच्या काट्यावर ठेवा. हलक्यांना पितळेची किंवा स्टेनलेसची पट्टी लावून सर्वात जड्याच्या बरोबरीला आणा. बाउलच्या समोरच्या बाजूला तेवढेच प्रतिवजन कायमचे बसवा, नाहीतर बाउल एका अंगाने जास्त हलतो. कंट्रोलरमध्ये वारंवारता बदलण्याची सोय असेल तर प्रत्येक अटॅचमेंटसाठी वेगळी सेटिंग नावाने साठवा. तरीही वजन जुळवण्याचे काम टाळू नका.

## टप्पा ६: सेन्सर आणि चुकार क्षेत्र

हवेच्या सिलिंडरवरचे रीड स्विच (पिस्टन कुठे आहे ते सांगणारे) पिस्टनमधल्या मॅग्नेटवर चालतात. शेजारी तुमचा मॅग्नेट आला तर सिलिंडर मागे असतानाही स्विच ‘पुढे’ दाखवू शकतो. इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या (धातू जवळ आल्याचे न शिवता ओळखणाऱ्या सेन्सरच्या) आतला फेराइटही जवळच्या तीव्र क्षेत्राने गोंधळतो.

तपासा: अटॅचमेंट बसवताना, बसल्यावर आणि काढताना अशा तिन्ही वेळी पीएलसीवरचे (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवरचे) इनपुट बघत राहा. एकही दिवा विनाकारण लागला किंवा विझला तर सेन्सर हलवा किंवा मध्ये २-३ मिमी जाडीची माइल्ड स्टीलची आडपट्टी द्या. ॲल्युमिनियमची पट्टी यासाठी निरुपयोगी आहे.

पार्ट आधीच चुंबकीय झाले असतील तर डीमॅग्नेटायझरच्या बोगद्यातून काढा. पार्ट कॉइलमधून हळूहळू बाहेर, बराच दूर गेल्यावरच वीज बंद करायची. पार्ट आत असताना बटण दाबले तर तो उलट जोमाने चुंबकीय होऊन निघू शकतो.

## टप्पा ७: रोजचा बदल, ठरलेल्या क्रमाने

हा क्रम मशीनजवळ लावून ठेवा. शक्य तेवढे काम मशीन चालू असतानाच करा: पुढचे अटॅचमेंट आणणे, पुसणे, त्याचा नंबर जॉब कार्डशी ताडणे.

१. बाउल आणि ट्रॅक पूर्ण रिकामे करा. ट्रॅकच्या खाली, वायपरच्या मागे अडकलेला एक पार्टही पुढच्या बॅचमध्ये मिसळतो.

२. मशीन थांबवा, वीज तोडा, कुलूप लावा, हवेचा दाब सोडा. काम दोन मिनिटांचे असले तरी हे टाळायचे नाही.

३. आधी दुसरे लॉक (मॅग्नेटखेरीज अटॅचमेंट धरणारा यांत्रिक खटका) उघडा, मग लिव्हर फिरवून अटॅचमेंट सोडवा. मुठीला धरा. तळहात आणि बोटे खालून घालू नका.

४. काढलेले अटॅचमेंट थेट त्याच्या ठरलेल्या बोर्डवर, मॅग्नेटवर झाकण लावून ठेवा. वर्कबेंचवर ठेवले की टेबलावरचा सगळा कीस त्याला चिकटतो.

५. बेस प्लेट, टेकूंच्या जागा आणि पिना कोरड्या कापडाने पुसा. मॅग्नेटवरचा बारीक कीस एअर गनने निघत नाही, उलट पिनांच्या भोकात जातो. चिकट पुट्टीचा गोळा किंवा चिकटपट्टी दाबून उचला. मग बोटाचे टोक प्रत्येक टेकूवरून फिरवा, डोळ्याला न दिसणारा कण बोटाला लागतो.

६. नवे अटॅचमेंट पिनांवर सरळ आणा, अर्ध्यापर्यंत हाताने उतरवा, मग मॅग्नेटला ओढू द्या. ‘टक’ असा एकच आवाज आला पाहिजे. दोन आवाज आले तर ते तिरके बसून मग सरकले आहे. काढा, पुसा, पुन्हा बसवा.

७. दुसरे लॉक लावा. स्प्रिंगचा खटका असो की फिरकी, मॅग्नेट निकामी झाला तरी अटॅचमेंट जागेवरून सुटू नये एवढे त्याचे काम. ते नसेल तर कंपन होणाऱ्या मशीनवर अटॅचमेंट लावू नका.

८. तिन्ही टेकूंजवळ ०.०५ मिमीचे फिलर गेज घालून बघा. कुठेही शिरता कामा नये.

पाचव्या पायरीला मी इतके महत्त्व का देतो, ते एका उदाहरणात सांगतो. टेकूंमध्ये ४० मिमी अंतर आहे आणि एकाखाली ०.१ मिमीचा कण राहिला. टेकूपासून १०० मिमीवर असलेले सिलेक्टरचे टोक ०.२५ मिमी वर किंवा खाली जाते. वॉशरची जाडी ओळखणाऱ्या सिलेक्टरला एवढा फरक पुरतो. माझ्यासमोर एकदा अख्खी शिफ्ट चांगला माल रिजेक्टमध्ये गेला होता, आणि कारण होते टेकूखाली अडकलेली केसासारखी एक चिप. मॅग्नेट तिला दाबून ठेवत होता, म्हणून अटॅचमेंट हाताला घट्ट लागत होते.

## टप्पा ८: माल सोडण्यापूर्वी

मास्टर पार्टचा एक डबा प्रत्येक अटॅचमेंटसोबत ठेवा. त्यात चांगले पार्ट, उलट्या दिशेचे, मर्यादेच्या जरा आत आणि जरा बाहेर असलेले, आणि जवळच्या मापाचा दुसराच पार्ट असावा. सगळे वेगळ्या रंगाने खुणावलेले आणि मोजलेले. ते चालवा आणि प्रत्येक पार्ट जिथे जायला हवा तिथेच गेला का, ते बघा. मग डब्यातले सगळे मोजून परत ठेवा, एकही मशीनमध्ये राहता कामा नये.

नवीन अटॅचमेंट पहिल्यांदा लावताना एक जास्तीची चाचणी घ्या. सिलेक्टरच्या टोकावर डायल (बारीक हालचाल मोजणारे गेज) लावा आणि अटॅचमेंट दहा वेळा काढून बसवा. प्रत्येक वाचन लिहा. सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान वाचनातला फरक सॉर्टिंगच्या मर्यादेच्या पाचव्या भागापेक्षा जास्त असेल तर मी ते अटॅचमेंट लाइनवर जाऊ देत नाही. दहाही वेळा एकाच माणसाने बसवू नये. पाच वेळा सेटरने, पाच वेळा रात्रपाळीच्या ऑपरेटरने. दोघांचे आकडे वेगळे आले तर मॅग्नेटकडे जाऊ नका, पिन आणि टेकू तपासा.

## टप्पा ९: ओढीची नोंद

पहिल्या दिवशी फोर्स गेज हुकला लावून, दुसरे लॉक उघडे ठेवून, अटॅचमेंट सुटेपर्यंत सरळ ओढा आणि आकडा त्याच्या पाठीवर कोरा. पुढे महिन्यातून एकदा तेच करा, त्याच प्लेटवर, त्याच दिशेने. आकडा घटला तर आधी टेकू आणि प्लेट साफ करून पुन्हा मोजा. बहुतेक वेळा तो परत येतो. नाही आला तर मॅग्नेटची कड तुटली आहे का, निकेल फुगले आहे का, स्क्रू ढिला होऊन मॅग्नेट आत गेला आहे का ते बघा. यातले काही नसेल तर ते अटॅचमेंट कुठे तापले होते याची चौकशी करा, आणि नवा मॅग्नेट त्या तापमानाला चालणारा घ्या. टप्पा २मधल्या हिशेबाच्या आकड्याखाली ओढ गेली असेल, तर ते अटॅचमेंट त्याच दिवशी बोर्डवरून काढून लाल पिशवीत ठेवा.